आत सरकलेली ओळ

"ताई, तुमचा प्रोग्राम काय मस्त दिसून राहिला," गोविंदा म्हणाला. मशीनच्या थंड खोलीतून तो नुकताच बाहेर आला होता आणि दाराशी काढून ठेवलेल्या चपला पायानंच चाचपत होता. सिंधू सवयीनं हसली. सदर भागातल्या त्या कॉम्प्युटर सेंटरात तिचे प्रोग्राम पहिल्यापासून मस्त दिसत आले होते आणि कोणी ना कोणी तसं म्हणतही आलं होतं. हसून मान हलवायची आणि पुढं जायचं, एवढंच तिला करावं लागे. पण टेबलाशी पोचता पोचता तिला आठवलं, की या आठवड्यात आपण काही छापायला दिलेलंच नाही. ती मागं फिरली. खोलीबाहेरच्या फळ्यावर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लांबलचक कागद टाचलेला होता. लांबून पाहिलं तर तिचाच. प्रत्येक अट डाव्या समासाशी, अटीखालचं काम थोडं आत, त्याच्या आतली अट आणखी आत. जिथं ओळ मावली नाही तिथं ती जागा बघून मोडलेली, आणि मोडलेला तुकडा वरच्या तुकड्याच्या बरोबर खाली. जिना उतरावा तशी नजर खाली उतरत होती. जवळ जाऊन तिनं वरचं नाव वाचलं. देवराव.

देवरावचं लिखाण साऱ्या ऑफिसला माहीत होतं. सगळ्या ओळी एकाच भिंतीला टेकून बसलेल्या, कुठं काय सुरू झालं आणि कुठं संपलं ते त्याचं त्यालाच विचारावं लागे, आणि पुष्कळदा त्यालाही सांगता येत नसे. त्या माणसाच्या नावाखाली हा कागद लागला होता.

"हे कोणं केलं गा?" तिनं विचारलं.

"गोपिका मॅडमनं. म्हंजे मॅडमच्या प्रोग्रामनं. कसाही लिहिलेला टाका, असाच निंघते बाहेर."

सिंधू जागेवर येऊन बसली. कूलरचा वारा टेबलावरचे कागद उचलत होता आणि ती ते हातानं दाबून धरत होती. तिला राग आला नव्हता. आपली घडीची साडी रस्त्यात अचानक दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसावी, आणि ती तिला शोभूनही दिसावी, असं काहीतरी तिला झालं होतं. साडी आपलीच आहे हे सांगायला जावं तर तीही दुकानातून विकत घेतलेली; आपल्याजवळ पुरावा काय? नीटनेटकेपणावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण तिचं होतं. निदान आजपर्यंत ती तसं समजून चालली होती.

तिचे वडील गिरणीत होते. सहीपुरतं लिहायला शिकले होते आणि सही करताना श्वास रोखून धरायचे. छप्पन साली, दीक्षेच्या दिवशी, ती बारा वर्षांची होती. आईनं पांढरी साडी नेसली होती, आणि त्या धुळीत, त्या माणसांच्या लोटात आई दिवसभर पदर दोन्ही हातांनी असा सांभाळत राहिली, की परत येईतो साडीला एक डाग नव्हता. सिंधूला त्या दिवसातलं सगळ्यात स्पष्ट आठवायचं ते आईचे ते हात. आणि त्यानंतरची शाळा. मास्तर तिची वही दोन बोटांत कोपऱ्याला धरून उचलायचे, ओलं फडकं उचलावं तशी. वडिलांना तिनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असं लिही का त्याले बोट ठेवाले जागा राहू नये." तेव्हापासून ती तसं लिहीत होती. समास सोडून, ओळीखाली ओळ, खाडाखोड नाही. मास्तरांची बोटं पुढं हळूहळू पुरी वही धरू लागली. कॉलेज, मग मशीनची कार्डं पंच करण्याची नोकरी, मग लोक ज्याला घाबरायचे त्या कॉम्प्युटरचा कोर्स, आणि मग मुंबईहून आलेल्या साहेबानं तिचा कोडिंगचा कागद उजेडाकडे धरून विचारलेला प्रश्न: "हे कोणाचं अक्षर?" तिला वाटायचं, तिची सगळी नोकरी, इंदोऱ्याच्या वस्तीतलं तिचं घर, लोक तिला नुसतं सिंधू न म्हणता ताई म्हणतात ते, हे सगळं त्या आत सरकलेल्या ओळींवर उभं आहे. मशीनला त्या मोकळ्या जागा दिसतसुद्धा नाहीत. सगळ्या ओळी भिंतीला टेकवून दिल्या तरी मशीन तेच काम करतं. पण माणसांना दिसतात, आणि तिला माणसांनाच पुरून उरायचं होतं.

गोपिका धरमपेठेतली, डॉक्टरची मुलगी. इंजिनीअरिंग करून मागच्या दिवाळीत ती इथं लागली. अक्षर असं की तिनं लिहिलेली यादी घेऊन दुकानात गेलं तर वाण्यानं परत पाठवावं. टेबलावर चहाचे गोल डाग, ओढणीला शाई, पेन नेहमी दुसऱ्याचं. पण कोणी तिला गचाळ म्हणत नसे. हुशार आहे, भान राहत नाही, असं म्हणत. सिंधूनं हे पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवलं होतं. ज्यांची वही कोणी दोन बोटांत धरली नाही, त्यांना असं राहणं परवडतं. हा विचार मनात आला की तिला स्वतःचीच थोडी लाज वाटायची, कारण पोरगी वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

ती आलीच धावत. "ताई, बघितलं का? मी तुम्हालाच आधी दाखवणार होते, पण देवरावांनी घाई केली. आवडलं?"

"चांगलं आहे." मग राहवलं नाही म्हणून सिंधूनं विचारलं, "पण ओळ कुठं मोडाची हे कसं ठरवते?"

"सोपं आहे! आधी सगळं वाक्य वाचून घ्यायचं, लगेच छापायचं नाही. मग बघायचं, एका ओळीत मावतं का? मावलं तर अख्खं छापायचं. नाही मावलं, तर ओळ संपेल तिथं तोडायचं नाही. वाक्यातला सगळ्यात बाहेरचा जोड असेल, तिथं तोडायचं. मग आतला तुकडा मावतो का बघायचा. तोही नाही मावला, तर पुन्हा त्याचा बाहेरचा जोड. असं आत आत जायचं."

"हे तुले कोणं शिकवलं?"

"तुम्हीच!" गोपिका हसली. "कपाटातले तुमचे सगळे जुने प्रोग्राम काढून बसत नव्हते का मी? तुम्ही कुठं मोडता, तेच बघत होते. तुम्ही नेहमी असंच मोडता, ताई. एकदासुद्धा वेगळं नाही."

सिंधूला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं हाताला कळतं. पेन्सिल ओळीच्या शेवटाकडे जाऊ लागली की बोटं आपोआप थांबतात, मागं येतात, बरोबर जागा धरतात. त्या थांबण्याला असा नियम आहे, आणि तो दोन-चार वाक्यांत सांगता येतो, आणि तो सांगणारी ही पोरगी, हे तिला एकदम ओकंबोकं वाटलं. बोटांतून काहीतरी काढून नेलं होतं आणि बोटांना कळलंही नव्हतं. आणि वर तिचं हे आभार मानणंही हसून घ्यावं लागत होतं.

त्यानंतरचे दिवस तिला नीट आठवत नसत; आठवायची ती फक्त बारीक बारीक टोचणी. चहा घेऊन येणारा आधी गोपिकाच्या टेबलाकडे वळतो. डेटा भरणाऱ्या मुली तिच्या खुर्चीच्या हातावर बसून खिदळतात आणि सिंधू आली की उठून उभ्या राहतात. हा मान आहे, असं तिनं इतकी वर्षं मानलं होतं. आता तिला ते उठणं परकं वाटू लागलं. सेंटरचे मधुसूदनसाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "सिंधूताई, आता सगळेच तुमच्यासारखे झाले बघा," आणि त्यांना वाटलं आपण तिचं कौतुक केलं. तिनं एक करून पाहिलं. नवा प्रोग्राम लिहिताना तिनं आपली पद्धत बदलली. बरोबरीची चिन्हं एकाखाली एक येतील अशा जागा सोडल्या, पान पाहताच कळेल असं वेगळेपण आणलं. गोपिका मागून येऊन वाकून बघत राहिली. "किती छान दिसतं हो हे!" दुसऱ्या दिवशी देवरावच्या कागदावर बरोबरीची चिन्हं एकाखाली एक आली होती. सिंधू त्या दिवशी डबा न उघडताच घरी घेऊन गेली.

उन्हाळा चढत गेला तशी साहेबांनी हुकूम काढला, की सेंटरातला प्रत्येक प्रोग्राम गोपिकाच्या प्रोग्राममधून एकदा काढायचा, म्हणजे सगळ्यांचं सारखं दिसेल. सिंधूनं आपले द्यायला टाळाटाळ केली. माझे आहेतच की तसे, ती म्हणायची. शेवटी एक दिला, तोही सर्वांत जुना आणि तिचा सर्वांत आवडता: खेड्यापाड्यांतून बालवाडी शिक्षिकेच्या परीक्षेला बसणाऱ्या बायांचे निकाल लावणारा. दरवर्षी त्या परीक्षेचं मंडळ मार्क पाठवायचं आणि तिचा प्रोग्राम निकाल काढायचा. ही परीक्षा पास झालेल्या बाया तिच्या नात्यागोत्यात, वस्तीत होत्या. या प्रोग्रामकडे ती देव्हाऱ्याकडे बघावं तशी बघायची, असं म्हटलं असतं, पण तिच्या घरात देव्हारा नव्हता.

दोन्ही कागद तिनं खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, मागून ऊन येत होतं. आपला जुना आणि मशीनचा नवा. ओळीवर ओळ बसत गेली. एक जागा वेगळी नाही, एक मोड इकडची तिकडे नाही. पान उलटलं, पुन्हा तेच. आणि मग एका ठिकाणी एक ओळ सरकली. तिनं लिहिलेलं एल्स, म्हणजे 'नाहीतर', बाहेरच्या इफच्या, म्हणजे बाहेरच्या 'जर'च्या, खाली होतं. गोपिकाच्या प्रोग्रामनं ते आत ढकलून आतल्या इफखाली छापलं होतं. त्याखालची ओळही त्याच्याबरोबर आत गेली होती.

इतका आनंद तिला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता. तिनं दोन्ही कागद गुंडाळले, केस सारखे केले आणि साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, गोपिकाचा प्रोग्राम चुकते. माझं एल्स भलत्याच जागी नेऊन ठेवलं त्यानं. असं छापत गेलं त वाचणाऱ्याचा घात होईन." तिनं ते शांतपणे, काळजीच्या सुरात सांगितलं. साहेबांनी गोपिकाला बोलावलं. पोरीनं कागद पाहिले, पुन्हा पाहिले, तिचं तोंड उतरलं. "मी बघते, ताई," एवढंच म्हणाली. चूक सापडेपर्यंत तो प्रोग्राम कोणी वापरू नये असं ठरलं, आणि फळ्यावरचा देवरावचा कागद गोविंदानं काढून टाकला. त्या दुपारी सिंधूनं डबा सावकाश खाल्ला. भेंडीची भाजी होती. तिला ती फार चवदार लागली.

चूक कुठं आहे ते कोणी विचारलं तर आपल्याला बोटानं दाखवता आलं पाहिजे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेन्सिल घेऊन बसली. गोपिकाचा दोष तिला अगदी नीट, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये असा मांडायचा होता. तिनं तो तुकडा पुन्हा वाचला. तिच्या मनात होतं ते असं: बाई नापास झाली असेल आणि एकाच विषयात झाली असेल, तर मार्क तीनच्या आत कमी पडत असल्यास ते वाढवून द्यायचे, नाहीतर, म्हणजे एकाहून जास्त विषय गेले असतील, तर सगळ्या विषयांना पुन्हा बसा असा शेरा मारायचा. तिनं पेन्सिलीचं टोक एल्सवर ठेवलं आणि मशीन जातं तसं वर जाऊ लागली. मशीनला मोकळ्या जागा दिसत नाहीत. मशीन एल्सला सगळ्यात जवळच्या इफशी बांधतं. पेन्सिल वर गेली आणि जवळच्या इफपाशी थांबली, आतल्या. तिनं पुन्हा खालून सुरुवात केली. पेन्सिल पुन्हा तिथंच थांबली.

एल्स आतलंच होतं. ती बाहेर ठेवून बसली होती, सुबक, समासाला धरून. आणि मशीन इतकी वर्षं तिच्या त्या सुबकपणाकडे ढुंकूनही न बघता आपलं काम करत होतं. एकाच विषयात तीनहून जास्त मार्कांनी नापास झालेल्या बाईला नियमानं त्या एकाच विषयाला पुन्हा बसायचं होतं. मशीन तिला सगळ्या विषयांना बसवत होतं. आणि ज्यांचे खरोखर पुष्कळ विषय गेले होते त्यांच्या पुढं नुसतंच अनुत्तीर्ण येत होतं, म्हणून त्याही सगळ्या विषयांना बसत होत्या, आणि कोणाला काही संशय आला नव्हता. नापास झालेली बाई मंडळाशी भांडायला येत नाही. गोपिकाच्या प्रोग्रामनं फक्त खरं होतं ते छापलं होतं.

सिंधूच्या मनात पहिला विचार आला तो हा, की गोपिकाला कळलं असेल का? दुसरा, की देवरावला कळेल का? मग साहेब. कौशल्या तिच्या मनात आली ती या सगळ्यांच्या मागून, आणि आपण तिला इतक्या मागं उभं केलं हे लक्षात आल्यावर सिंधूनं पेन्सिल खाली ठेवली. कौशल्या कुहीची, तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. दोन वर्षांमागं ती या परीक्षेला बसली होती. गणित गेलं होतं, अकरा मार्कांनी. सगळ्या विषयांना पुन्हा बसा असा निकाल आला तेव्हा पोरगी सिंधूच्याच घरी होती. "एवढं सगळं आता पुन्हा कोण करन, मावशे?" ती म्हणाली होती, आणि सिंधूनं तिला फाडफाड बोलून घेतलं होतं. अभ्यास नको, चित्त ठिकाणावर नको, आम्ही कसे शिकलो तुम्हाला काय माहीत. कौशल्या गावी गेली. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

तेवढ्यात गोपिका आली. डोळे सुजलेले, पण चेहरा फुललेला. हातात नवा कागद. "ताई, झालं! दुरुस्त केलं. हे बघा, आता तुमच्यासारखंच येतं, जशाचं तसं." तिनं कागद टेबलावर पसरला. एल्स बाहेर आलं होतं. "मी मशीनच्या नियमानं ते जवळच्या इफला जोडत होते. आता लिहिणाऱ्यानं जिथं ठेवलं असेल तिथंच ठेवते."

"पण मशीन त..." सिंधू बोलता बोलता थांबली.

"तेच ना! मलाही वाटलं होतं की मशीन जवळच्याच इफला जोडतं. सगळी दुपार त्यातच गेली. मग म्हटलं, ताईंचा प्रोग्राम इतकी वर्षं चालतोय, ताई चुकणार नाहीत. माझंच काहीतरी समजायचं राहिलं असेल."

सिंधू त्या कागदाकडे बघत राहिली. आता तो खोटं बोलत होता, तिच्यासारखाच, तिच्याच अक्षरात. समोरच्या पोरीनं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता, तिच्यावर ठेवला होता. त्या विश्वासानं सिंधूचं मन भरून यायला हवं होतं, पण तिला वाटलं ते वेगळंच: आता हिचंही बिघडलं. थंड पाण्याच्या घोटासारखी ती भावना खाली उतरली. "चांगलं झालं," ती म्हणाली. गोपिका हसत निघून गेली आणि फळ्यावर पुन्हा कागद लागला.

पुढचे काही दिवस सिंधू गप्प होती. ऑफिसात तिचं काही बिघडलेलं नव्हतं. उलट लोक म्हणत होते, मॅडमची चूक ताईंनी पकडली. बसमधून घरी जाताना ती खिडकीशी बसायची आणि सगळं पुन्हा पुन्हा मनात मांडायची. आपला प्रोग्राम गुपचूप सुधारून टाकावा, कोणाला कळणार नाही. गोपिकाचा तसाच राहू द्यावा. केव्हातरी कोणाच्या तरी कागदावर तो घात करेल आणि मग तिचं ते खिदळणं, ते आभार, ते भान नसणं... विचार इथपर्यंत आला की ती दचकायची, आजूबाजूच्या बायांकडे बघायची, जणू त्यांनी ऐकलं असेल. तिला तिच्या प्रोग्रामच्या चुकीचंसुद्धा इतकं वाईट वाटत नव्हतं, जितकं ती चूक त्या पोरीच्या हातून उजेडात यावी याचं वाटत होतं. चूक देवरावनं दाखवली असती तर? साहेबांनी? तिनं दोन तास रडून मान्य केली असती. प्रश्न त्या चुकीचा नव्हताच. आणि हे कळूनही ते जात नव्हतं.

मग मंडळाकडून त्या वर्षीचे मार्क आले. गोविंदानं गठ्ठा तिच्या टेबलावर आणून ठेवला. गावांची नावं डोळ्यांखालून गेली, कुही, मांढळ, भिवापूर, उमरेड. आणि त्यांच्यापुढं बायांची नावं. ती उठली आणि गोपिकाच्या टेबलाशी गेली. तिथं दोन मुली बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या.

"बसा वं," सिंधू त्यांना म्हणाली. आणि गोपिकाला: "तुझा प्रोग्राम पहिले बरोबर होता. मी चुकली होती. आता केलेलं काढून टाक."

गोपिकानं हातातलं पेन खाली ठेवलं. "पण ताई, तुम्ही तर..."

"एल्स आतल्या इफचं आहे. तुले दिसलं होतं. मग काहून ऐकलं माझं?" तिचा आवाज चढला. आपण माफी मागायला आलो आणि रागावतो आहोत हे तिला कळत होतं. "आपल्याले दिसते ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून पुसत असतात का? कोणी का असेना सांगणारं!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती म्हणाली ते एवढंच: "मग त्या बायांचं काय झालं असेल, ताई?" सिंधूला हा प्रश्न पडायला एवढे विचार मागं सारावे लागले होते. हिला पहिलाच तो पडला. हेसुद्धा, सिंधूला वाटलं, हेसुद्धा हिचं माझ्यापेक्षा चांगलं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. "पुढचं दुरुस्त करा ना चुपचाप. मागचं कायले उकरून राहिल्या? मंडळाले कोण सांगते?"

"मी सांगते."

"नाव जाईन तुमचं. सेंटरचंही जाईन."

"सेंटरचं मले माहीत नाही, साहेब. माझं जाऊ द्या."

ती मंडळाच्या ऑफिसात एकटीच गेली. तिथल्या माणसांनी आधी कपाळाला हात लावला, मग तिला बसायला खुर्ची दिली नाही, आणि मग पुष्कळ महिने, पुष्कळ खेपांनंतर, जुने निकाल पुन्हा काढायचे आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्या बायांना एकाच विषयाला बसू द्यायचं, असं ठरवलं. एक अट घातली. मंडळाचं काम यापुढं सिंधू गजभियेनं करायचं नाही. साहेबांनी ते गोपिकाला दिलं. नव्या निकालांच्या प्रोग्रामवर गोपिकाचं नाव आलं, आणि तो छापून निघाला तेव्हा तो जसा दिसायचा तसाच दिसत होता. सिंधूनं तो एकदा वाचला आणि परत दिला. ते काम तिच्याकडून गेलं हे न्यायाचंच झालं, असं ती सगळ्यांना सांगायची. न्यायाचं होतंच. तरी मार्कांचे गठ्ठे गोपिकाच्या टेबलाकडे जाताना दिसले की ती उगीच पाणी प्यायला उठायची.

दिवाळी झाल्यावर ती कुहीला गेली. एस. टी.तून उतरून कौशल्याच्या सासरच्या शेताकडे चालत निघाली. धानाची कापणी चालू होती, बांधाबांधावर पेंढ्या रचलेल्या होत्या. कौशल्या पेंढ्या बांधत होती. मावशीला पाहून ती विळा तसाच टाकून आली. "मावशे! काहून आली वं अशी अचानक? घरी सारं बरं हाय ना?"

झाडाखाली तिचं पोर निजलं होतं. दोघी त्याच्याशेजारी बसल्या. सिंधूनं वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला येईना. मग ती म्हणाली, "असं समज, मी तुले सांगतलं का, घरची भाजी संपली असंन त, दुकान उघडं असंन त वांगे आण; नाही त घरचीच कर. काय करशीन?"

"भाजी असंन त घरची करीन. अखीन काय?"

"दुकान बंद दिसलं त?"

"त उपाशी बसू. घरी भाजी कुठं हाय?"

"मशीनले मी हेच सांगतलं. त्याले उलटं समजलं. दुकान बंद दिसलं का ते म्हणते, घरची कर. जे नाहीच तेच कर म्हणते."

कौशल्या पोट धरून हसली. पोर चुळबुळलं, तिनं त्याला थोपटलं. मग सिंधूनं निकालाचं सांगितलं. हसू विरत गेलं तरी हात थोपटतच राहिला.

"म्हंजे मले गणितालेच बसाचं होतं?"

"गणितालेच."

"आन् तू मले म्हणे, अभ्यास केला नाही मनून."

"हो. म्हटलं होतं."

दूर कोणीतरी बैलांना हाकारत होतं. कौशल्यानं हाताला चिकटलेलं एक कुसळ काढून टाकलं. "आता बसू देतीन का?"

"देतीन. हिवाळ्यात आहे परीक्षा."

"बसतो मग." ती सहज म्हणाली, आणि लगेच, "सासूले तू सांग पण. मी सांगतलं त नाही ऐकणार." मग सिंधूकडे वळून, "कोणं शोधलं वं मावशे, हे? एवढी बारीक चूक? तुवं शोधली?"

हो म्हणता आलं असतं. खोटंही झालं नसतं फारसं. पेन्सिल तिनंच धरली होती, वर वर जाऊन थांबली ती तिच्याच हातानं. मंडळाच्या ऑफिसात उभी तीच राहिली होती. कौशल्या तिच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी.

"नाही," सिंधू म्हणाली. "गोपिका म्हणून एक पोरगी आहे आमच्या ऑफिसात. तिनं शोधलं." थोडं थांबून तिनं पुढचंही सांगून टाकलं. "हुशार आहे. माझ्यापेक्षा."

"घेऊन ये ना तिले एखाद दिवशी. मले पाहाची हाय." कौशल्याचे डोळे चमकले. "नव्या तांदळाचा भात खाऊ घालू."

सिंधूला ते सगळं आत्ताच दिसलं: ओढणीला शाई लावून आलेली गोपिका, तिच्याभोवती गोळा झालेल्या बाया, मांडीवर घेतलेलं पोर, आणि घरातलं एकुलतं पितळी ताट कौशल्या घासूनपुसून कोणापुढं ठेवेल तेही. छातीत जुनी जागा पुन्हा दुखली.

"आणते," ती म्हणाली. "पुढच्या रविवारीच आणते."